घट्ट धर, म्हणालो मी

माझ्या लॅपटॉपवर ‘होल्ड फायनल २’ नावाची एक एक्सेल शीट आहे. ४० ओळी. दिसणारे कॉलम तीन: शॉटचा नंबर, पकड (घट्ट किंवा सैल) आणि छर्ऱ्याचा वेग. चौथाही एक कॉलम होता, पण तो बघायला गिचमिड वाटत होता म्हणून मी लपवून ठेवला होता. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला दुपारी ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल चालू होती आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्यात होता. गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून. आमच्या टीममध्ये नेमबाजीतलं कोणालाच काही कळत नव्हतं, पण प्रत्येक शॉटला ‘हा किती? दहाच्या वर का?’ असं चाललेलं. त्याने ४५१.४ गुणांनी ब्रॉन्झ घेतलं तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कोल्हापूरकराने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मी त्याच आठवड्यात बाणेरजवळच्या एका १० मीटरच्या रेंजवर नाव घातलं. आमच्या बॅचला तसेच आलेले आणखी चारजण होते. दिवाळीपर्यंत त्यातला मी एकटा उरलो.

बंदूक मला अगदीच नवीन नव्हती. लहानपणी पुसेगावच्या यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर आजोबांचे पैसे उडवलेत. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफलीने झोपून फायरिंग केलंय. तिथले उस्ताद पाठीत बूट टेकवून एकच सांगायचे, बट खांद्यात दाबून धर, नाहीतर झटका बसेल. ते वाक्य डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पुढे त्याने घोटाळा केला.

रेंजवर ती होती. बारावीतली मुलगी, खटाव तालुक्यातली, म्हणजे जवळजवळ आमच्याच गावाकडची. बाबांची शेती, ही इथे मावशीकडे राहून खेळायची. रायफल एका सीनियरकडून सेकंडहँड घेतलेली, जॅकेट-पॅन्टचे हप्ते चालू. मला पहिल्याच आठवड्यात ‘दादा’ केलं आणि दुसऱ्या आठवड्यात माझी उभं राहायची पद्धत दुरुस्त करायला लागली. वयाने मी दहा वर्षांनी मोठा, पण तिथे ज्युनियर मीच.

एअर रायफलमध्ये पात्रता फेरीला ६० शॉट असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९. म्हणजे परफेक्ट स्कोअर ६५४. ती ६२० च्या आसपास मारायची, चांगल्या दिवशी त्याहून थोडं वर. मी आकडा सांगत नाही, जाऊ दे.

तिला एक त्रास होता. अधूनमधून एखादा शॉट वर जायचा. फार नाही, अर्धा-पाऊण मिलिमीटर. पण या खेळात दहाचा ठिपकाच मुळी अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं की दशांश एक गुण जातो. नेमबाज शॉट सुटल्यावर स्क्रीनकडे बघायच्या आधी मनात सांगतात, हा कुठे गेला असेल ते. त्याला कॉल म्हणतात. तिचे कॉल फार पक्के होते. ‘मधे, थोडा डावीकडे,’ म्हणायची आणि तसाच निघायचा. पण हे वर जाणारे शॉट तिच्या कॉलला जुळायचे नाहीत. ‘सुटताना मधेच होता दादा. शपथ.’ सर म्हणायचे, मन भटकतंय, कॉल चुकतोय, डायरी लिही. तिने डायरी लिहिली. शॉट वर जातच राहिले.

आता मी सॉफ्टवेअरवाला. माझं रोजचं कामच परफॉर्मन्स टेस्टिंग, म्हणजे कुठली गोष्ट किती मिलिसेकंदांत होते आणि का होत नाही हे शोधणं. समोर कोणीतरी ‘कधीकधी होतं, कधीकधी नाही’ असं म्हणालं की माझ्या हाताला खाज सुटते. मी एक क्रोनोग्राफ मागवला. छोटा डबा असतो. त्यात ठरावीक अंतरावर दोन सेन्सर. छर्रा पहिल्यावरून जातो, मग दुसऱ्यावरून, मधला वेळ मोजून तो वेग सांगतो. आणि माझ्यावाला मोबाइलला जोडला की सगळे आकडे फाइलमध्ये भरून द्यायचा.

तर्क साधा होता. वेग जास्त असेल तर छर्रा टार्गेटपर्यंत लवकर पोचतो, वाटेत खाली पडायला त्याला कमी वेळ मिळतो, म्हणून वर लागतो. आमच्या रायफलींतून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने निघतो. १० मीटर जायला त्याला ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो १७ मिलिमीटर खाली येतो. वेग सेकंदाला एक मीटरने बदलला तर टार्गेटवर फरक पडतो ०.२ मिलिमीटर. म्हणजे तिचे ते अर्धा-पाऊण मिलिमीटर वर जाणारे शॉट समजावून सांगायला वेगात ३ मीटरचा फरक पुरतो. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

मग मी विचारलं, हा वेग बदलतो कशाने? आणि उस्तादांचा आवाज कानात आला.

माझी थिअरी अशी: छर्रा पुढे जातो तेव्हा रायफल मागे येते. हवेतली ऊर्जा दोघांत वाटली जाते. रायफल खांद्यात दाबून धरली, हलूच दिली नाही, तर सगळी ऊर्जा छर्ऱ्याला. सैल धरली तर काही ऊर्जा रायफल मागे ढकलण्यात वाया. म्हणजे घट्ट पकड, जास्त वेग. ती कधी घट्ट धरत असेल, कधी सैल. म्हणून शॉट वरखाली. ऐकायला किती छान वाटतं. मला अजूनही वाटतं.

एका शनिवारी सकाळी तिच्याच रायफलने टेस्ट केली. आधी मी २० शॉट घट्ट मारले. उजव्या हाताने मागे ओढून, गाल दाबून, दात आवळून. दमवतं ते, प्रत्येक शॉटनंतर रायफल स्टँडवर ठेवून हात झटकत होतो. मग चहा. मग २० शॉट सैल, आरामात, एकामागोमाग एक. घट्ट पकडीची सरासरी १७४.१ निघाली. सैल पकडीची १७१.२. फरक २.९. मला हवा होता तेवढाच.

त्या संध्याकाळी मी रेंजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्राफ टाकला. निळे ठिपके वर, लाल ठिपके खाली, मधे स्वच्छ रिकामी जागा. कोणी म्हणालं ‘एक नंबर’, कोणी आगीचा इमोजी टाकला. सरांनी फक्त लिहिलं, ‘उभ्या पोझिशनला हात झोपल्यासारखा पाहिजे.’ मी मनात म्हटलं, डेटा काय सांगतोय बघा ना.

आणि तिला म्हणालो, ‘घट्ट धर.’

ती म्हणाली, ‘पण दादा, घट्ट धरलं की माझी नळी थरथरते.’

मी म्हणालो, ‘सवय होईल.’

तिने सहा आठवडे तेच केलं. उभ्याने एअर रायफल मारताना रायफलीचं वजन डाव्या हाताच्या मुठीवर, कोपर कमरेच्या हाडावर, सगळा भार हाडांतून खाली जमिनीत. स्नायूंनी जितकं कमी काम करावं तितकं बरं. दुसरा पट्टा नाही, आधार नाही. तिने दोन वर्षं घालवून शरीर असं लावलं होतं. मी एका ग्राफने ते मोडलं. स्कोअर ६१५ वर आला. ती म्हणायची, सवय होईल. आणि मधला एखादा शॉट वर गेला की आता पूर्वीसारखं ‘मधेच होता’ असं म्हणायची नाही. ‘सैल झाली असेल,’ म्हणायची.

राज्य स्पर्धेत पुढच्या पात्रतेला हवा होता त्यापेक्षा तिचा स्कोअर १.३ गुणांनी कमी पडला. ६० शॉटमध्ये १.३. मी तिथे गेलो होतो, बाहेर तिची बॅग धरून उभा होतो. ती आली, जॅकेटची बटणं सोडत म्हणाली, ‘जाऊ दे दादा, पुढच्या वर्षी.’ मावशी रडली. ती नाही रडली.

यानंतर मी काय केलं असेल? मी लेख लिहायला बसलो. खरंच. ‘पकड आणि वेग: एक अभ्यास’ अशा धर्तीचं काहीतरी. कारण मला वाटत होतं की थिअरी बरोबर आहे, फक्त तिला सरावाला वेळ कमी पडला. लेखात थोडं फिजिक्स हवं म्हणून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर पहिल्यांदा संवेग अक्षय्यतेचं गणित कागदावर मांडलं.

हे गणित होडीचं आहे. लहान होडीतून धक्क्यावर उडी मारा. तुम्ही पुढे जाता, होडी मागे सरकते आणि तुम्ही धक्क्याच्या अलीकडे पाण्यात पडता. तुमचा काही जोर होडी मागे ढकलण्यात गेला. पण मांडव्याला गेटवेवरून येणाऱ्या मोठ्या लाँचमधून उडी मारलीत तर? लाँच मागे जाते, पण इतकी कमी की तुम्हाला कळतही नाही. सगळा खेळ दोन वजनांच्या गुणोत्तराचा आहे.

छर्ऱ्याचं वजन ०.५३ ग्रॅम. तिची रायफल ४.८ किलोची. एकास नऊ हजार. म्हणजे होडी नाही, लाँचही नाही, जहाज आहे. रायफल पूर्ण मोकळी, हवेत तरंगती ठेवली आणि दुसरीकडे भिंतीत काँक्रीटने पक्की केली, या दोन टोकांमध्ये छर्ऱ्याच्या वेगात फरक किती पडेल? वजनांच्या गुणोत्तराच्या निम्मा. १७२ ला लावलं तर सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर.

मीटर नाही. सेंटिमीटर.

मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं. तीनदा केलं. एक सेंटिमीटर. नळीतून निघणाऱ्या हवेचं वजन धरलं तरी चित्र तेच. आणि माणसाचा खांदा ना काँक्रीट असतो ना हवा, तो मधेच कुठेतरी. म्हणजे घट्ट आणि सैल यांच्यातला खरा फरक त्या एका सेंटिमीटरचाही एक तुकडा. मी मोजला होता २.९ मीटर. तीनशेपट.

त्या रात्री मी सगळ्या बंदुकींचा हिशोब करत बसलो, जणू कुठल्यातरी बंदुकीत मी बरोबर निघेन. कुसाळे वापरतो तसली ५० मीटरची पॉइंट टू टू घेतली: गोळी २.६ ग्रॅम, रायफल साडेपाच किलो धरू, वेग ३३० मीटर. मोकळी आणि जखडलेली यांच्यात फरक ८ सेंटिमीटर प्रतिसेकंद. ५० मीटरवर त्याने गोळी किती वरखाली होईल? ०.०६ मिलिमीटर. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. सैन्यातली ७.६२ घेतली: गोळी साडेनऊ ग्रॅम, रायफल ४ किलो, वेग ८०० च्या वर. तिथे कुठे फरक सेकंदाला एक मीटरच्या आसपास जातो, तोही दोन टोकांमधला. त्या गोळीला ८०० मध्ये एक मीटर म्हणजे काहीच नाही. काडतुसातल्या दारूच्या उन्नीसबीसने याहून जास्त फरक पडतो. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्यांच्या टेस्ट रेंजवर जातात, ती शिकंज्यात जखडतात आणि एकेका लॉटची काडतुसं झाडून बघतात, कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो. वेगातलं सातत्य तिथे विकत घ्यायचं असतं, खांद्याने ते येत नाही. पॉइंट टू टूमध्ये दोन काडतुसांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर साडेसात मिलिमीटरचा बट्ट्याबोळ होतो. त्यापुढे माझे ८ सेंटिमीटर कोणत्या झाडाचा पाला.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसली. ती खरं तर पहिल्या दिवशी दिसायला हवी होती. गोळी नळीत असते २-३ मिलिसेकंद. तेवढ्यात पॉइंट टू टू रायफल मागे सरकते किती? नळीच्या लांबीला त्याच गुणोत्तराने गुणा: ०.३ मिलिमीटर. तिची एअर रायफल सरकते ०.०५ मिलिमीटर, केसाच्या जाडीइतकीही नाही. जो ‘झटका’ आपल्याला खांद्यात जाणवतो, तो जाणवेपर्यंत गोळी केव्हाच नळीबाहेर गेलेली असते. खांद्याच्या मांसाला, जॅकेटच्या कापडाला दाबलं जायलाच त्याहून जास्त अंतर लागतं. उस्ताद चुकीचं सांगत नव्हते. खांदा सुजू नये म्हणून ते सांगत होते. वेगाबद्दल ते कधी बोललेच नव्हते. ते मी माझ्या पदरचं घातलं.

मग ते २.९ आले कुठून?

रात्रीचा दीड वाजला होता. शीट उघडली. आणि लपवलेला चौथा कॉलम उघडला. वेळेचा. क्रोनोग्राफ प्रत्येक शॉटची वेळ सेकंदापर्यंत नोंदवत होता, ‘०९:१४:३७’ अशी लांबलचक. ग्राफला तिचा उपयोग नाही म्हणून मी झाकून टाकली होती. आता प्रत्येक वेळेतून आधीची वेळ वजा केली. घट्ट पकडीचे शॉट दीड-दोन मिनिटांच्या अंतराने होते, कारण मी दमत होतो, हात झटकत होतो. सैल पकडीचे पंचवीस-तीस सेकंदांनी. त्या सैल शॉटमध्येही मधे मला एक फोन आला होता, दोनेक मिनिटं गेली होती, आणि त्या फोननंतरच्या शॉटचा वेग होता १७३.८. माझ्या ग्राफवर तो एकटा लाल ठिपका वर निळ्यांत बसला होता. मी त्याला ‘आउटलायर’ म्हणून काढून टाकलं होतं.

पकड नव्हतीच. वाट बघणं होतं.

या रायफलींच्या खाली सिलिंडर असतो, त्यात २०० बारपर्यंत हवा. ती थेट छर्ऱ्यामागे सोडत नाहीत. मधे रेग्युलेटर असतो. तो एका छोट्या कप्प्यात ठरावीक दाबाची हवा भरतो आणि बंद होतो. ट्रिगर दाबला की त्या कप्प्यातली हवा छर्ऱ्याला ढकलते. नळाचा वायसर झिजल्यावर काय होतं? नळ बंद केला तरी थेंब थेंब चालू राहतो. बादलीखाली लगेच हात घातला तर काही नाही, तासाभराने या, तळाला पाणी साचलेलं. तिच्या सेकंडहँड रायफलीतल्या रेग्युलेटरची सील झिजली होती. पटापट शॉट मारले की कप्प्यात नेमका दाब. दोन मिनिटं थांबलं की दाब हळूहळू वर चढलेला. पुढचा शॉट जोरात, म्हणून वर.

आणि ती कधी थांबायची? शॉट नीट वाटला नाही की. चांगले नेमबाज तेच करतात, मनासारखं जमत नसेल तर रायफल खाली घेतात, श्वास घेतात, पुन्हा उचलतात. तिची ही शिस्त सगळ्यात चांगली होती. जो शॉट ती सगळ्यात काळजीने मारायची, तोच वर जायचा.

आमच्या कामात याला एक फार प्राथमिक नाव आहे. आधी एक प्रकार चालवायचा, मग दुसरा, आणि फरक आला की तो प्रकारांमुळे आला असं म्हणायचं. इंटर्नने असा रिपोर्ट आणला तर मी परत पाठवतो. क्रम बदल, सरमिसळ कर, कॅश गरम आहे का थंड ते बघ, असं सांगतो. हे मी अक्षरशः त्याच महिन्यात एकाला सांगितलं होतं, थोडा शहाणपणाचा आव आणून. रेंजवर मात्र मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, क्रम बदलला नाही. कारण मला उत्तर आधीच आवडलं होतं.

तिला सांगायला चार दिवस लागले. म्हणजे सांगायचं ठरवायला. रेंजच्या बाहेरच्या बाकावर बसून लॅपटॉप दाखवला. होडीचं सांगितलं, वायसरचं सांगितलं, तो लाल ठिपका दाखवला. माफी मागितली. मी तयार होतो की ती चिडेल, आणि चिडली असती तर बरं झालं असतं.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझे कॉल बरोबर होते?’

‘हो.’

‘सगळे?’

‘वर गेलेले बहुतेक सगळे.’

‘मग मी दीड महिना स्वतःलाच खोटं पाडत होते,’ ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

मला १.३ गुणांचं वाईट वाटत होतं. तिला त्याचं नव्हतंच. या खेळात नेमबाजाकडे असतं काय? डोळा, श्वास आणि सुटल्या क्षणी आतून येणारी ती एक बातमी, की हा इकडे गेला. मी येऊन सांगितलं की ती बातमी खोटी आहे, आकडे खरे आहेत. आणि आकडे खरे होतेच की. त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं.

सरांना सांगितलं. ते ‘मी बोललो होतो’ असं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, सील कुठे मिळते. वर्षभर त्यांनीही तिला डायरीच लिहायला लावली होती, हे ते म्हणाले नाहीत, मीही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिला सांगितलं की पकड जुनी कर. ती म्हणाली, केली पण.

आता पकडीचं काय? वेगाला तिचा काही उपयोग नाही, मग कशाला एवढी दोन दोन वर्षं? हे मला नंतर कळलं, थोडं सरांकडून, थोडं यात्रेतल्या बंदुकीवरून. ती फुग्यांची बंदूक स्प्रिंगची असते. ट्रिगर दाबला की आत पाव किलोचा दट्ट्या झेपावतो, हवा दाबतो, आणि मग छर्रा निघतो. इथे पुढे जाणारं वजन अर्धा ग्रॅम नाही, पाव किलो आहे. होडी खरंच होडी आहे. छर्रा बाहेर पडायच्या आत बंदूक काही मिलिमीटर मागे सरकते, वर दट्ट्या टोकाला आपटल्याचा उलटा हिसका. ती दाबून धरली की प्रत्येक वेळी वेगळीकडे उसळते, कारण आपण दर वेळी सारखं दाबूच शकत नाही. म्हणून स्प्रिंगवाले तिला तळहातावर नुसती टेकवतात आणि तोफ गाड्यावर मागे जाते तशी मोकळी जाऊ देतात. आजोबा म्हणायचे, ‘आवळू नको, बाळा, तिला जाऊ दे कुठं जायचं ते.’ मला वाटायचं आजोबांना बंदुकीतलं काय कळतं. फुगे तेच फोडायचे.

म्हणजे पकड गोळीचा वेग ठरवत नाही, नळीचं तोंड ठरवते. बट खांद्यावर जिथे टेकतो ती जागा नळीच्या रेषेखाली असते, त्यामुळे मागे येताना रायफल थोडी वर वळू पाहते. किती वळेल हे बट नेमका कुठे टेकलाय, गाल किती दाबलाय, मुठीवर वजन कसं आहे यावर. आणि ट्रिगर दाबताना बोटाच्या जोडीने बाकीचा हात आवळला गेला तर छर्रा हलायच्या आधीच तोंड फिरलेलं असतं. १० मीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे नळीच्या कोनात किती सूक्ष्म फरक, त्याचं गणित मी केलं नाही. माझी गणितं झाली तेवढी पुरेत. घट्ट की सैल हा प्रश्न मुळात गौण आहे. ६० वेळा तीच पाहिजे, एवढंच.

सील बदलायच्या आधी मी तिला विचारून एकदा पुन्हा मोजलं. या वेळी छर्ऱ्यांच्या रिकाम्या डबीत चिठ्ठ्या टाकल्या, काहींवर ‘३० सेकंद’, काहींवर ‘२ मिनिटं’. ती चिठ्ठी काढायची, तेवढं थांबायची, तिच्या जुन्या पकडीने मारायची. मी फक्त लिहायचं. ‘तू बोलायचं नाहीस,’ ही तिची अट होती. दोन मिनिटांवाले सगळे वरच्या बाजूला गेले. अगदी कंटाळवाणेपणाने, एकेक करून. मग सर सील बदलून आले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो.

नव्या सीलनंतरची पहिली चिठ्ठी दोन मिनिटांचीच निघाली. ती डोळे मिटून उभी राहिली. मी घड्याळ बघत होतो. वेळ झाल्यावर मी नुसतं बोट वर केलं. तिने रायफल उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. टक.

‘मधे. जरा डावीकडे,’ ती म्हणाली.

माझ्या मोबाइलवर १७१.३ आलं. तिच्या मॉनिटरवर १०.५, जरा डावीकडे. तिने मॉनिटरकडे बघितलं नाही, पुढची चिठ्ठी काढायला डबीत हात घातला.